आईंना आज न्यायचे आहे ना?

भारनियंत्रण केंद्राच्या लांबलचक भिंतीवर सगळं नागपूर दिव्यांनी मांडलेलं होतं. एक दिवा म्हणजे चार्जिंगच्या खांबाला जोडून उभी केलेली एक गाडी. बॅटरी भरलेली असेल तर हिरवा, अर्धी असेल तर पिवळा, रिकामी असेल तर तांबडा. डॉ. हेरंब खानझोडे एरवी ही भिंत पाहुण्यांना दाखवताना असे फुलून जात, की जणू नातवाची पहिली पावलं दाखवताहेत. पण नवतपातल्या, मेअखेरच्या ऐन कडक उन्हातल्या, त्या रविवारी सकाळी ते भिंतीकडे पाठ करून बसले होते. समोर गुडधे मॅडम होत्या आणि गुडधे मॅडमना एक शंका आली होती.

रजनी गुडधे नुकत्याच चंद्रपूरच्या बाजूच्या एका औष्णिक वीजकेंद्रातून बदलून आल्या होत्या. सगळी नोकरी बॉयलरच्या धगीत काढलेली बाई. बोलणं तोंडावर, आवाज मोठा आणि शंका आली की ती फिटेपर्यंत चहासुद्धा घ्यायच्या नाहीत.

"सर, मला एकदा पहिलीतल्या पोराला सांगतात तसं सांगा," त्या म्हणाल्या. "ही साठासंघाची भानगड मला कळली तशीच आहे का, ते तरी कळेल."

खानझोडेंना समजावून सांगायला आवडे. या विषयावर त्यांनी अर्धं आयुष्य घालवलं होतं.

"उन्हाळ्यात दुपारी शहराला लागते तेवढी वीज आपल्याकडे नसते," ते म्हणाले. "पण शहरभर गाड्या उभ्या असतात आणि प्रत्येकीच्या पोटात बॅटरी असते. पहाटे वीज उरते तेव्हा त्या भरून घ्यायच्या. दुपारी कमी पडली, की त्यांच्यातलीच काही परत घ्यायची. ती परतवीज. या सगळ्या बॅटऱ्या मिळून एकच मोठा तलाव झाला असं समजा. हा आपला साठासंघ."

"आणि कुणाच्या गाडीतून किती उपसायची?"

"ते गरजेवर. मालक आधी कळवतो, मला अमुक वेळेला अमुक ठिकाणी जायचंय. ही त्याची गरजनोंद. तेवढ्या फेरीची वीज आपण बांधून ठेवतो. ती बद्ध वीज. तिला साठासंघ हात लावत नाही. मात्र ती त्याच फेरीला वापरायची, दुसरीकडे जायचं म्हटलं तर गाडी जागची हलत नाही. नाहीतर लोक दवाखान्याच्या नावानं वीज बांधून घेतील आणि फुटाळा तलावावर हवा खायला जातील."

"नोंद रद्द केली तर?"

"तर बांधलेली वीज त्या क्षणी साठासंघात जमा. आणि नवी नोंद करायला तासभर थांबायचं. सारखी धरसोड करून कुणी रांग मोडू नये म्हणून."

"आता वैद्यकीय नोंदीचं सांगा." गुडधे मॅडम खुर्ची पुढे ओढून बसल्या. शंका इथे होती तर.

"ती सगळ्यांत वर. तिथे नुसती गाडी भरून भागत नाही. समजा एखादीला रक्तशुद्धीला, म्हणजे डायलिसिसला जायचंय. गाडी पोचली आणि तिथलं यंत्र विजेअभावी बंद, तर काय उपयोग? म्हणून गाडीची वीज, वाटेतले सिग्नल, केंद्रातली खुर्ची आणि त्या खुर्चीच्या यंत्राची वीज, हे सगळं एकाच नोंदीला जोडलंय."

"आणि पेशंट आलाच नाही तर?"

खानझोडे नेहमीचं वाक्य म्हणाले. "जाब विचारायचा नाही. आला नाही म्हणजे तब्येत जास्त बिघडली असेल, असं धरायचं. पुढच्या वेळी त्याचा क्रम वर चढवायचा."

हा नियम त्यांनी स्वतः लिहिला होता. त्यांच्या आईला, कमलिनीबाईंना, आठवड्यातून दोनदा रक्तशुद्धीला न्यावं लागे. एकदा अशक्तपणामुळे त्या दोन वेळा जाऊ शकल्या नाहीत आणि केंद्रानं खुर्ची दुसऱ्याला देऊन टाकली. परत मिळवण्यासाठी त्या माउलीला काउंटरवर उभं राहून आपण खरोखरच आजारी आहोत हे पटवून द्यावं लागलं होतं. घरी येताना गाडीत त्या पदर तोंडाला लावून रडल्या. त्यानंतर खानझोडेंनी साठासंघाच्या पायातच एक तत्त्व घातलं, गरजू माणसाला पुरावा मागायचा नाही. या विश्वासतत्त्वाचं पुढे फार कौतुक झालं. त्यांना शाली मिळाल्या, श्रीफळं मिळाली.

"छान आहे," गुडधे मॅडम म्हणाल्या. "पण सर, उन्हाळा लागल्यापासून वैद्यकीय नोंदी चौपट झाल्यात. नागपूरकरांची मूत्रपिंडं काय आंब्याच्या रसानं बिघडली? या भिंतीवर हिरवे दिवे बघा किती आहेत. सगळ्या भरलेल्या, सगळ्या बांधलेल्या. आपण वीज उपसतो ती उरलेल्या चार प्रामाणिक लोकांच्या गाड्यांतून. आमच्याकडे राखेनं लोकांची छाती भरते, सर, तेव्हा ही वीज होते. ती खोट्या मावशीच्या नावानं अडकून पडली, की मला राग येतो."

"मग काय करायचं म्हणता?"

"पडताळणी. जास्त काही नाही. मृत्यूच्या नोंदी महापालिकेकडे आहेत, आपल्या नोंदींशी नुसत्या जुळवून पाहू."

"नको," खानझोडे पटकन म्हणाले. फारच पटकन. "गरजूला जाब विचारायचा नाही, यावर हे सगळं उभं आहे. एकदा दार किलकिलं केलं की..."

"जिवंत माणसाला नका विचारू, सर. मेलेल्याला तरी?"

खानझोडेंच्या कपाळावर घाम आला. केंद्रात चांगला गारवा होता. "उद्याच्या बैठकीत सांगतो," ते म्हणाले. मॅडम कागद आवरून उठल्या आणि त्याच वेळी खानझोडेंच्या खिशातला मोबाइल थरथरला. कोण काय विचारतंय हे न बघताही त्यांना माहीत होतं. दर रविवारी आणि बुधवारी याच सुमारास साठासंघ त्यांना अदबीनं विचारी, 'आईंना आज न्यायचे आहे ना?'

खाली दोन चौकटी असत. हो आणि नाही. टेबलाखाली हात नेऊन त्यांनी 'हो' दाबलं.

कमलिनीबाई संक्रांतीनंतर वारल्या होत्या.

खानझोडेंनी सगळं यथासांग केलं होतं. तेरावं केलं, अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या, बँकेतलं नाव काढलं, रेशनकार्डावरचं काढलं, आईची पेन्शन थांबवायला स्वतः गेले. राहिली ती एवढी एक नोंद. पहिल्यांदा तो प्रश्न आला तेव्हा 'नाही' वर बोट नेववेना. एवढ्या दिवसांत कुणी आईबद्दल असं वर्तमानकाळात विचारलंच नव्हतं. त्यांनी रडत रडत 'हो' दाबलं. तिथवर कुणीही त्यांना माफ केलं असतं. पण मग उन्हाळा आला, शेजाऱ्यांच्या गाड्या दुपारी रिकाम्या होऊ लागल्या आणि त्यांची भरलेली राहिली. बायको लेकीच्या बाळंतपणाला पुण्याला गेलेली, संध्याकाळी नोंदीची वेळ टळून गेली की बांधलेली वीज सुटे, तेव्हा कुठेही जाता येई. रडू थांबलं, 'हो' चालू राहिलं. खुर्चीचं काय होत असेल, हा विचार मनात आला की ते डोळ्यांवर कातडं ओढून घेत. देत असतील कुणाला तरी ऐन वेळी, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. देत नाहीत, असा नियम लिहिणारा माणूस हे ठरवत होता.

भर दुपारी ते घरी पोचले. भारनियंत्रण केंद्राच्या गाडीनं त्यांना सोसायटीच्या दारात सोडलं आणि ती लगेच परत गेली.

त्यांची सोसायटी म्हणजे सुशिक्षितांचा गाव. प्राध्यापक, डॉक्टर, वकील, एक निवृत्त न्यायाधीश. उन्हाळ्याच्या सुरुवातीला सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी हळूच लिहिलं होतं, की 'वैद्यकीय' लिहिलं म्हणजे गाडीला हात लावत नाहीत. तेव्हापासून तळघरातल्या खांबांवर पाहावं तिकडे दवाखाना. वकिलांच्या सासूबाई रोज हृदयाच्या तपासणीला जात. त्या सासूबाई संध्याकाळी बॅडमिंटन खेळताना दिसत. कुणी कुणाला काही बोलत नसे, कारण बोलायला तोंड कुणालाच नव्हतं.

अपवाद एकच, दुसऱ्या मजल्यावरचे वासुदेव तिजारे. शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्या बायकोची, शोभाताईंची, मूत्रपिंडं खरोखरच गेलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी ते त्यांना आपल्या जुन्या चिमुकल्या गाडीतून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या केंद्रात नेत. त्या दोन दिवसांची नोंद ते करत. बाकीच्या दिवशी सरळ लिहीत, गरज नाही. वकिलांनी त्यांना एकदा शहाणपण शिकवायला पाहिलं होतं. तेव्हा मास्तर म्हणाले होते, "नको बाप्पा. घरात बसून अभद्र लिहायचं आणि वास्तू तथास्तु म्हणाली तर?" यावर सगळे हसले. खानझोडेही हसले होते, जरा जास्तच.

ते जिन्याकडे वळले, तर तळघरातून हाक आली.

"खानझोडे भाऊ! ओ भाऊ!"

तिजारे मास्तर पळत आले. अंगात बनियन आणि पायजमा. मागे, त्यांच्या गाडीजवळ, प्लास्टिकच्या खुर्चीवर शोभाताई पुढे झुकून बसल्या होत्या. तोंड उघडं, खांदे वरखाली होत होते. पायांवर सूज इतकी, की पैंजणाची कडी मांसात रुतली होती.

"हिला श्वासच नाही येऊन राहिला," मास्तर म्हणाले. "काल पाणी जास्त पिली, उन्हानं जीव कासावीस झाला म्हणे. आता ते सगळं छातीत भरून राहिलं. अॅम्ब्युलन्सला फोन केला, ते म्हणतात उष्माघाताचे पेशंट उचलून राहिलो, वेळ लागेल. रिक्षा एक दिसत नाही रस्त्यावर. आणि माझी गाडी..."

त्यांच्या खांबावरचा दिवा तांबडा होता. सकाळी त्यांनी खरं ते लिहिलं होतं, आज गरज नाही. साठासंघानं ते खरं मानलं आणि दुपारपर्यंत गाडी उपसून घेतली. वर वकिलांच्या घरात एसी चालू होता तो कदाचित याच विजेवर.

"आता नोंद टाकली," मास्तर म्हणाले. "भरून राहिली, पण मुंगीच्या पावलानं."

खानझोडेंनी तळघरभर नजर फिरवली. हिरवे दिवे. ओळीनं हिरवे दिवे, भिंतीवर दिसतात तसे. एवढ्या भरलेल्या गाड्या, पण सगळ्या रक्तशुद्धीचं यंत्र नसलेल्या आपापल्या खोट्या दवाखान्याला बांधलेल्या, आणि रद्द कराव्यात तर वीज क्षणात साठासंघात जाणार. मालकांना वरून बोलावून आणलं असतं तरी त्यांना दुसरं काही करता आलं नसतं. ही सगळी योजना खानझोडेंचीच होती आणि तिच्यात कुठेही फट नव्हती.

"तुमची भरलेली दिसते, भाऊ," मास्तर म्हणाले.

"माझीही बद्ध आहे हो," खानझोडे बोलून गेले.

"कशासाठी?"

मास्तरांनी ते अगदी साधेपणानं विचारलं होतं. सांगावं तर खानझोडेंना तोंड दाखवायला जागा राहत नव्हती आणि न सांगावं तर समोर बाई गुदमरत होती. त्या काही क्षणांत आपण नेमका कशाचा हिशेब करत होतो, हे आठवून पुढे त्यांना स्वतःची किळस येणार होती. शोभाताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना बोलवत नव्हतं, म्हणून त्यांनी नुसते हात जोडले.

"चला," खानझोडे म्हणाले. "गाडी एकाच ठिकाणी जाईल, पण तिथे यांना हवं ते आहे. नाल्यापलीकडच्या रक्तशुद्धी केंद्रात."

"तिथं? अहो, तिथं जागा नाही देत. आम्ही संक्रांतीनंतरच अर्ज केला, जवळ पडते म्हणून. दर वेळी सांगतात, भरलेलं आहे."

"चला तर आधी."

दोघांनी मिळून शोभाताईंना मागच्या सीटवर बसवलं. मास्तर त्यांच्याशेजारी बसून पाठीवरून हात फिरवू लागले. खानझोडेंनी दार लावलं आणि गाडी गोड आवाजात बोलू लागली.

"नमस्कार, कमलिनीबाई. आज आपण आलात, आनंद वाटला. मागच्या बऱ्याच फेऱ्या चुकल्यामुळे आपली प्रकृती चिंताजनक असावी. आपल्याला शहरात पहिला क्रमांक दिला आहे. वाटेतले सर्व सिग्नल मोकळे आहेत."

खानझोडे आवाजाची कळ शोधू लागले. वैद्यकीय फेरीत आवाज बंद करता येत नसे. पेशंट एकटा असला तर त्याला धीर वाटावा म्हणून ही सोयही त्यांनीच केली होती.

गाडी सुसाट निघाली. भर उन्हात रस्ते ओस पडले होते आणि पुढचा प्रत्येक सिग्नल त्यांच्यासाठी हिरवा होत होता. आरशात पाहायचं धैर्य त्यांच्यात नव्हतं. कान मात्र मागे लागले होते. शोभाताईंचा घरघरता श्वास ऐकू येत होता.

"कमलिनीबाई म्हणजे तुमच्या आई ना?" मास्तरांनी शेवटी विचारलं.

"हो."

"मी खांदा दिला होता त्यांना."

उन्हानं सोललेल्या अंगावर मीठ पडावं तसं ते वाक्य खानझोडेंना झोंबलं आणि त्यात टोचून बोलण्याचा हेतू जराही नव्हता, मास्तर नुसतं आठवून म्हणत होते.

"तेव्हाच मनात आलं होतं," मास्तर पुढे म्हणाले, "की आता त्यांची तिथली जागा मोकळी झाली असेल, तुम्हाला विचारावं. हीच मला म्हणाली, सुतकाच्या घरी जाऊन असं विचारतात का? लोक काय म्हणतील, मेलेल्या माणसाच्या खुर्चीवर डोळा. म्हणून मग नाही विचारलं. सरळ अर्ज केला."

गाडीनं नाला ओलांडला. गाडी म्हणाली, "कमलिनीबाई, आपली खुर्ची तयार आहे."

केंद्राच्या दारात एक तरुण सिस्टर चाकाची खुर्ची घेऊन उभी होती. ती उन्हाळ्यातच नोकरीला लागली असावी, खानझोडेंनी तिला कधी पाहिलं नव्हतं. व्हरांड्यात ओळखीची लोखंडी बाकं होती आणि त्यांवर माणसं बसली होती. काही नातेवाईक होते आणि काही सुजलेल्या पायांचे पेशंट, आज एखादं यंत्र मोकळं होतं का याची वाट पाहत.

"कमलिनी आजी? आल्या का शेवटी!" सिस्टर धावत पुढे आली. "अहो, किती वाट पाहायला लावली. दर रविवारी, दर बुधवारी मी तुमचं यंत्र धुऊन पुसून ठेवते. फोन करायचा नाही असा नियम आहे, नाहीतर केला असता. मला वाटायचं, आजींना उठवत नसेल." तिनं शोभाताईंचा चेहरा नीट पाहिला आणि पुढचं बोलणं थांबवलं. "आत घ्या लवकर."

खिडकीजवळची तिसरी खुर्ची. खानझोडेंनी ती लगेच ओळखली. हाताशी त्यांनीच आणून लावलेला आकडा होता, आईची पिशवी अडकवायला. खुर्ची स्वच्छ होती, वर पांढरीशुभ्र चादर होती आणि यंत्रावरचा दिवा चालू होता. संक्रांतीपासून आठवड्यातून दोनदा, भर तुटवड्यात, ही खुर्ची वीज धरून रिकामी बसत होती आणि व्हरांड्यातली माणसं काचेतून तिच्याकडे पाहत होती. माहीत नव्हतं असं आता त्यांना स्वतःलासुद्धा सांगता येईना.

मास्तरांनी आणि सिस्टरनं शोभाताईंना खुर्चीत बसवून प्राणवायूची नळी लावली. सिस्टर यंत्राच्या पडद्याकडे वळली.

"कमलिनी खानझोडे. बरोबर ना? हो म्हणा, म्हणजे यंत्र त्यांची मापं घेतं. वजन, औषध, पाणी किती काढायचं, सगळं आपोआप चढतं."

आईचं वजन शेवटी शेवटी मुठीत मावेल एवढं झालं होतं. शोभाताई तिच्या दुप्पट. आईची मापं या बाईला लावली तर यंत्र तिचा जीव घेईल. आणि खरं सांगावं, तर नोंद बंद होईल, खुर्ची सुटेल आणि नियमाप्रमाणे रांगेतल्या पहिल्या माणसाकडे जाईल. व्हरांड्यात इतके लोक बसले होते. त्यातलं कुणीतरी उठून आत येईल आणि शोभाताईंना उचलून बाहेर न्यावं लागेल.

मास्तरांना मापांचं ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं, की एका शब्दावर खुर्ची जाईल. ते जवळ आले आणि त्यांनी खानझोडेंचं मनगट धरलं.

"हो म्हणा, भाऊ," ते हलक्या आवाजात म्हणाले. "एवढे दिवस म्हटलं, आज अजून एकदा म्हणा. मी कुणाला नाही सांगणार."

जन्मात कधी खोटी नोंद न केलेला माणूस आज त्यांच्याकडे खोट्याची भीक मागत होता. त्याला या थराला आपण आणलं, हे खानझोडेंना मनगटावरच्या त्या पकडीत कळलं. शरमेनं त्यांची मान खाली गेली आणि मान खाली घालूनच ते बोलले.

"नाही, सिस्टर. या कमलिनीबाई नाहीत. कमलिनीबाई माझी आई. ती संक्रांतीनंतर वारली. मी नोंद बंद केली नाही. ही मापं यांना लावू नका, यांचा जीव जाईल."

सिस्टर त्यांच्याकडे पाहतच राहिली. दारातून काही माणसं डोकावत होती, त्यांनीही ऐकलं. मास्तरांनी त्यांचं मनगट सोडलं. मग सिस्टरनं पडद्यावर बोट ठेवलं, 'पेशंट मृत'. आईच्या नावापुढचा पहिला क्रमांक पुसला गेला आणि यंत्रावरचा दिवा विझला.

बाहेर व्हरांड्यात खळबळ झाली. खुर्ची मोकळी झाली, की केंद्रातली यंत्रणा रांगेतलं पहिलं नाव पुकारी. माणसं उठून उभी राहिली. मास्तर शोभाताईंच्या पुढे हात पसरून उभे राहिले, जणू कुणी त्यांना ओढायलाच येणार होतं.

"खुर्ची क्रमांक तीन रिकामी झाली आहे," छतातून आवाज आला. "प्रतीक्षेत पहिले नाव, शोभा वासुदेव तिजारे."

कुणालाच आधी ते कळलं नाही. सिस्टरनं पडदा पुन्हा वाचला.

"तिजारे कोण?" तिनं विचारलं.

"हीच," मास्तर म्हणाले. "हीच ती."

"मग ही यांचीच खुर्ची आहे," सिस्टर म्हणाली. तिचे हात भराभर चालू लागले होते, शोभाताईंची मापं दुसऱ्या केंद्राकडून आपोआप उतरली होती आणि दिवा पुन्हा लागला होता. "यांचा अर्ज सगळ्यांत आधीचा दिसतो. खुर्ची द्यायचं तेव्हाच मंजूर झालंय. फक्त आधीच्या पेशंटची नोंद बंद व्हायची राहिली होती."

नळ्यांतून रक्त फिरू लागलं. खानझोडे व्हरांड्यात आले आणि नेहमीच्या बाकावर बसले. याच बाकावर बसून त्यांनी आईसाठी वाट पाहिली होती, डब्यातली पोळी खाल्ली होती, विश्वासतत्त्वाचा पहिला कच्चा मसुदाही इथेच लिहिला होता. बाहेर त्यांच्या गाडीचा दिवा तांबडा झाला होता. नोंद बंद होताच साठासंघानं आपली वीज काढून घेतली होती.

त्यांनी गुडधे मॅडमना फोन लावला.

"पडताळणीला माझी हरकत नाही," ते म्हणाले. "आजच करा. पहिलं नाव कमलिनी खानझोडे निघेल. ती माझी आई. बैठकीत मीच सांगेन सगळ्यांना."

एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण आवाज खाली आला. "बरं, सर," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

बऱ्याच वेळानं मास्तर बाहेर आले. चेहरा उतरलेला होता, पण डोळ्यांतली भीती गेली होती.

"डोळा लागला तिचा," ते म्हणाले. "श्वास बरा आहे आता."

खानझोडेंनी मान हलवली. मास्तरांनी शिव्या घालाव्यात, गचांडी धरावी, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मास्तर काचेतून आत पाहत उभे होते.

"म्हणजे भाऊ, तुम्ही त्यात एकदा 'नाही' दाबलं असतं, तर ही जागा तेव्हाच आम्हाला मिळाली असती?"

"हो."

"बस, एवढंच करायचं होतं?"

"एवढंच."

"आम्ही म्हणायचो, आपल्या नशिबातच नाही," मास्तर म्हणाले. "ती परत येताना गाडीत ओकायची. एवढं लांब. मी म्हणायचो, कुणी तरी आपल्याहून जास्त आजारी असेल तिथं, त्याला मिळू दे."

खानझोडेंना वाटलं, आता पाय धरावेत. पण तेवढाही हक्क आपल्याला आहे की नाही, ते ठरेना, म्हणून ते तसेच बसून राहिले. एक म्हातारा पेशंट काठी टेकत व्हरांड्यात आला आणि बसायला जागा शोधू लागला. बाकं सगळी भरलेली होती.

मास्तर खानझोडेंकडे वळले. आवाज नेहमीसारखाच, मऊ. शाळेत पोरांना सांगत असतील तसा.

"भाऊ, तुम्ही उठा आता. इथं पेशंट आणि त्यांच्या घरची माणसं बसतात."

खानझोडे उठले आणि उन्हात चालू लागले.